हबीबभाईंनी ‘कायम’ म्हटलं नाही

ये, कागदावर का होईना, पण जरा जवळ सरक. समोर असतीस तर कान धरला असता. परवा फोनवर किती कौतुकानं सांगत होतीस, "आत्या, आमची मीटिंग वीस मिनिटांत आटोपली. सह्या केल्या न् घरी." कशावर सह्या केल्या विचारलं, तर म्हणे, "ते काही बाई माहीत नाही." पंचायतीत निवडून येऊन वर्ष झालं नाही अजून! मी चौथी शिकलेली, पुढचं सगळं पुड्यांच्या कागदावरून आणि शिळ्या पेपरावरून वाचायला शिकले. तू बीए. शोभतं का गं तुला?

पण जास्त नाही रागवत. कारण हाच वेडेपणा मीही केलेला आहे, तोही पहिल्याच दिवशी. त्या दिवशी मला ज्यांनी टोकलं त्यांच्याबद्दल तुला कुणी सांगितलं नसेल. म्हणून लिहायला बसले. हात दुखतो, पण लिहिते.

त्यांचं नाव हबीबभाई. पिंजारी. कापूस पिंजायचा, गाद्या-रजया भरायच्या, हा त्यांचा बापजाद्यांचा धंदा. उंच, वाळके, दाढी पांढरी आणि भुवयासुद्धा पांढऱ्या. आता त्या वयानं पांढऱ्या की रुईच्या कणांनी, ते शेवटपर्यंत मला कळलं नाही. बोलताना उजव्या हाताची दोन बोटं एकमेकांवर घासायचे, जणू रुईचा पुंजका मोकळा करताहेत. आणि एक सवय. कशालाही विचारायचे, "असं काऊन?" एसटी उशिरा आली, असं काऊन? डॉक्टरनं गोळी बदलली, असं काऊन? भांडखोरपणानं नाही गं. लहान लेकरू मुंगीच्या मागं जातं ना, तसं.

आमच्या तालुक्याच्या पंचायत समितीत दहा मेंबर होते. पक्षांची नावं सोड, त्या नावांनी कुणी कुणाला ओळखत नव्हतं. पाच होते हॉटेलवाले, कारण मीटिंगच्या आधी ते समोरच्या चहाच्या हॉटेलात बसून काय बोलायचं ते ठरवायचे. चार होते रसवंतीवाले, ते उसाच्या रसाच्या मांडवात बसायचे. दहावे हबीबभाई. अपक्ष. ते घरून फडक्यात ज्वारीची भाकर बांधून आणायचे आणि पायरीवर बसून खायचे. सभापती हॉटेलवाल्यांचे. मीही हॉटेलवालीच, म्हणजे मला तसं सांगण्यात आलं होतं. जागा बाईची निघाली, माझा दीर त्या गटातला, झालं. मीटिंग असली की दीर बाहेरच्या बाकावर बसायचा आणि निघताना बजावायचा, "वयनी, सभापतीचा हात वर गेला की तुमचा वर गेला पाहिजे."

तर पहिली मीटिंग. बीडीओ साहेबांनी पुकारलं, "विषय क्रमांक एक. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे." आणि सगळे एका सुरात, "कायम! कायम!" मला वाटलं, शाळेत ‘हजर’ म्हणतात तसं इथं ‘कायम’ म्हणतात. आपण मागं राहायला नको म्हणून मीही पदर सावरून खणखणीत म्हटलं, "कायम!"

हबीबभाई एकटे गप्प होते. वळून मला म्हणाले, "ताई, तुमी काय कायम केलं?"

"हजेरी," मी म्हटलं.

सगळा हॉल हसला. एक रसवंतीवाला तर म्हणाला, "बाई कायमच्या आल्या म्हना ना!" हबीबभाई तेवढे हसले नाहीत. त्यांनी वही माझ्यापुढं सरकवली. "पाहा ताई. मागच्या टायमाले इथं काय बोलनं झालं, काय ठरलं, ते यात लिहेल असते. त्याले इतिवृत्त म्हनतात. आपन कायम म्हनलं की ते खरं झालं. मंग खरं काय झालं ते कोनी विचारत नाही." आणि साहेबांकडं वळून, "साहेब, ‘वाचून कायम करणे’ लिहेल हाय. वाचलं कोनी? असं काऊन?"

मग ते स्वतःच उभे राहून वाचायचे. दर महिन्याला. पंधरा-वीस पानं. लोक जांभया द्यायचे, टाचणीनं दात कोरायचे. रमजानच्या महिन्यात घोटभर पाणी नाही पोटात, तरी वाचायचे, ओठ सुकून पांढरे व्हायचे. सभापती म्हणायचे, "हबीबभाई, तुमचा रोजा हाय, पन उपाशी आमी मरून राह्यलो!"

माणूस वाईट नव्हता गं सभापती. विनोदी होता. हे पुढं वाचताना लक्षात ठेव.

हबीबभाईंना हे वाचनाचं खूळ कुठून लागलं, हे एकदा मी पायरीवर विचारलं. त्यांनी पिशवीतून एक पुस्तक काढलं. मुखपृष्ठ नाही, सुरुवातीची पानं नाहीत, उरलेलं सुईदोऱ्यानं शिवलेलं, गादी शिवतात त्याच टाक्यानं. एका मास्तरांनी जुनी गादी उसवायला दिली, सोबत रद्दी दिली, त्यात निघालेलं. अमेरिकेतल्या कुठल्याशा राज्याची विधानसभा पहिल्यांदा कशी भरायला लागली, त्याची हकीकत होती. नाव फाटलेल्या पानात गेलं, त्यामुळं राज्य कोणतं हे त्यांनाही माहीत नव्हतं, आणि त्याचं त्यांना फार वाईट वाटायचं.

"ताई, गंमत पाहा," म्हणायचे. "मेंबर कोन, तर शेतकरी, लोहार, चामडेवाले. पीक घरात आलं की हिवाळ्यात सभा. चिखलातून घोड्यावर येत. आन् राहाले दोन खानावळी. एका पक्षाची एक, दुसऱ्याची दुसरी. रातच्याले जेवता जेवता ठरवून घेत उद्या काय बोलाचं ते."

"म्हणजे हॉटेलवाले न् रसवंतीवाले?"

"तेच तर! दोनशे वर्षं झाली ताई, खानावळ काही बदलली नाही." आणि हसायचे. "एकडाव तर कोरम मोडाले मेंबर खिडकीतून उड्या मारून पळाले म्हनतात. इतके मोठे मानसं! असं काऊन?"

मी म्हटलं, "आपल्या बाजारात आता बीटी कापसाच्या बियाण्याची पाकिटं आली, ती विद्याही तिकडचीच म्हणतात."

तर बोटं घासायला लागले. म्हणाले, "तिकडून बियाणं आलं, पन हे पुस्तक कोनी नाही आनलं. हे रद्दीत आलं."

ती बीटीचीच वर्षं होती बघ. साखरखेर्ड्याचा बाजार असो की दुसरबीडच्या फाट्यावरची दुकानं, जिथं तिथं तीच बोली. कोणतं पाकीट घेतलं, खरं की चोरटं, फवारण्या किती वाचल्या. खरं पाकीट महाग, म्हणून बिनपावतीची पाकिटंही पोत्यांत भरून यायची. तालुक्याला एक बियाण्याचा दुकानदार होता. आमच्या गटाच्या प्रचाराला त्याच्याच जीपगाड्या फिरायच्या. त्यानं एक वर्ष हबीबभाईंना रुईचा पुंजका आणून दाखवला, म्हणाला, "चाचा, पाहून सांगा." ह्यांनी बोटांनी पिंजला, उजेडात धरला, म्हणाले, "धागा लांब हाय, मऊ हाय. चांगली रुई." झालं! पुढच्या पेरणीला दुकानदार सांगत सुटला, हे बियाणं हबीबभाईनं पास केलेलं आहे. बाजारात लोकांनी ह्यांना विचारलं, ह्यांनीही सांगितलं, हो, रुई चांगली आहे. पंचक्रोशीचा त्या बोटांवर एवढा भरवसा, की लेकीच्या लग्नाची गादी त्यांच्याशिवाय कुणी भरत नसे. लोकांनी पाकिटं नेली.

कपाशीची पराटी वाढली. वाढली म्हणजे काय, पुरुषभर. हिरवीगार, आत माणूस उभा केला तर दिसू नये. पण बोंडं? झाडाला दोन, कुठं तीन, कुठं तीही नाहीत. लोक बांधावर उभे राहून नुसते बघायचे. कृषी खात्याचा माणूस म्हणे, पावती दाखवा. पावती कुणाकडंच नाही. दुकानदार म्हणे, हे पाकीट माझं नव्हेच. आणि लोकांना घाई, की पराटी उपटून रान मोकळं करावं, निदान हरभरा तरी पडेल. उपटली की पुरावाही गेला.

त्या महिन्याच्या मीटिंगला हबीबभाई उभे राहिले. हातात वही नव्हती. म्हणाले, "मी सांगतो ते लिहून घ्या. त्या दुकानदारानं मले रुई दाखवली. मी चांगली म्हनलं. लोकायनं माह्या बोटावर पाकिटं नेली, त्याच दुकानातून नेली, मी डोळ्यानं पाह्यलं. बोटाले रुई कळते, बियाणं नाही कळत. हे मले आधी समजाले पाह्यजे व्हतं. चूक माही. माहं नाव लिहा, दुकानाचं नाव लिहा, आन् पराटी उभी हाय तवर पंचनामा करा, असा ठराव घ्या."

मग सभापतींनी टेबलावर थाप मारली, "घेतला ठराव!" सगळ्यांनी बाकं वाजवली. मीही वाजवली.

महिना गेला, कुणी पंचनाम्याला फिरकलं नाही. निम्म्या लोकांनी पराट्या उपटल्या. पुढची मीटिंग आली, आणि विषय क्रमांक एकला हबीबभाई वाचायला लागले. वाचता वाचता थांबले. पान उलटून पाहिलं, परत मागं आले. मग एकच ओळ दोनदा वाचली: "कापूस पिकाच्या परिस्थितीबाबत सभागृहात सविस्तर चर्चा झाली."

"एवढंच?" ते म्हणाले. "मी बोललो ते कुठं हाय?"

सभापती मऊ आवाजात म्हणाले, "हबीबभाई, तुमच्याच भल्यासाठी गाळलं. उद्या केस झाली तर पहिलं नाव कोनाचं? तुमचं! या वयात कायले स्वतःच्या हातानं काळं फासून घेता?"

"काळं हाय तर काळं लिहा," हबीबभाई म्हणाले. "मी हे कायम नाही म्हनत."

आता रसवंतीवाल्यांचे म्होरके आप्पा उठले. त्यांच्या चेहऱ्यावर दिवाळी. "बराबर हाय! लिहाच! आन् सोबत हेबी लिहा, का हे दुकान सभापतीच्या जीवावर चालते! आमचे चारी हात तुमच्या बाजूनं, हबीबभाई!"

चार ते, एक हे. पाच-पाच होणार होतं. सभापतींचा चेहरा पडला. आणि हबीबभाई काय म्हणाले ठाऊक आहे?

"आप्पा, मी असं नव्हतो बोललो."

"मंग आता बोला!"

"हे मागच्या सभेचं इतिवृत्त हाय. आज जे सुचलं ते मागच्या महिन्यात कसं लिहू?"

आप्पा लाल झाले. "आमी मदतीले आलो आन् तुमी आमालेच कायदा शिकवता? सांभाळा मंग तुमचं तुमी! चला रे!" चौघे उठले, खुर्च्या सरकवल्या. तशातही हबीबभाईंना राहवलं नाही. "आप्पा, आपल्या खिडक्यायले गज हायेत. दारानंच जा." मला एकटीलाच हसू आलं, कारण ते पुस्तक मला एकटीलाच माहीत होतं.

उरलो सहा जण. सभापती म्हणाले, "इतिवृत्त आहे तसं कायम करायचं, हात वर करा." त्यांचा हात वर गेला. मग दुसरा, तिसरा, चौथा. दारात माझा दीर उभा, भुवयांनी मला खुणा करतोय. माझा हात मांडीवर. मी काही फार मोठा विचार करत होते असं समजू नकोस. मी एवढंच आठवत होते, की मागच्या महिन्यात मी बाक वाजवलं होतं. मग ते कशासाठी वाजवलं होतं? नुसत्या चर्चेसाठी कुणी बाक वाजवतं का?

"विरोधात?"

हबीबभाईंचा हात वर गेला. आणि मग माझा. बांगड्या वाजल्या म्हणून सगळ्यांनी वळून पाहिलं. दीर दारातून नाहीसा झाला.

चार विरुद्ध दोन. हरलो. सभापतींनी सुस्कारा टाकला, "चला, विषय क्रमांक दोन..."

"थांबा," हबीबभाई म्हणाले. "तुमी जिंकले, मले मंजूर. आता आमचा दोघायचा विरोध लिहा. कारणासकट."

"कारण कायले?"

"आमी विरोध काऊन केला ते लिहा लागते ना. साहेब, नियमाचं पुस्तक पाहा बरं." नंतर मला कळलं, ही युक्ती त्या फाटक्या पुस्तकातली. तिकडच्या सभेत हरलेला मेंबर म्हणे उभा राहायचा आणि आपण का नाही म्हटलं ते कारणासकट सभेच्या वहीत लिहून घ्यायला लावायचा. हे वाचल्यापासून ह्यांना प्रश्न पडला होता, आपल्याकडं असं असेल का? त्यांनी महिनोन्‌महिने ते पान बोटानं चाचपलं होतं.

साहेबांनी नियम काढला, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. म्हणाले, "सदस्यानं मागितला तर विरोध नोंदवावा लागतो. कारणही."

मग हबीबभाईंनी सांगितलं आणि लिपिकानं लिहिलं. एक एक वाक्य. रुईचा पुंजका, दुकान, बाजार, बोटं, चूक माझी. सगळं. "आणि यांना सौ. कमलाबाई यांची सहमती." माझं नाव मी पहिल्यांदा सभेच्या वहीत, बाक वाजवण्यापलीकडच्या कामासाठी पाहिलं.

सभापतींनी कपाळाला हात लावला. "अहो, एक नाव गाळाले गेलो, त्याची दोन पानं झाली की!"

"जेवढं बोललो तेवढंच झालं साहेब," हबीबभाई म्हणाले. तिथंच बसून राहिले, लिहून होईपर्यंत. सही-शिक्क्याची नक्कल घेतली तेव्हाच उठले.

त्या दिवसापासून पंधरा दिवस त्यांनी पिंजणाला हात लावला नाही. नक्कल खिशात घालून गावोगाव हिंडले. ज्यांची पराटी अजून उभी होती त्यांना म्हणायचे, "सगळी नका ठेवू. चार ओळी ठेवा. बाकीचं उपटा, हरभरा पेरा. चार ओळी माह्यासाठी." लोकांनी ठेवल्या. ते मोकळं रान आणि मध्येच पुरुषभर उंच चार ओळी, बिनबोंडाच्या. एसटीतून दिसायच्या.

नक्कल वर, जिल्ह्याच्या कृषी खात्याकडं गेली, तेव्हा मात्र पंचनाम्याला माणसं आली. आता लेखी सांगणारा होता ना. दुकानाला कुलूप लागलं काही दिवस. भरपाई काहींना मिळाली, बऱ्याच जणांना नाही. ज्यांनी सगळं उपटून टाकलं होतं त्यांना काहीच नाही. हबीबभाईंचाही जबाब झाला, पुन्हा पुन्हा बोलावणं आलं, कारण त्यांनी स्वतःच लिहून दिलं होतं. गावात काही लोक म्हणायला लागले, यानंच बुडवलं, कबूल केलं की यानं! लग्नाच्या गाद्या शहरातून यायला लागल्या. पुढच्या निवडणुकीत ते पडले, आणि मला कुणी उभंच केलं नाही. दीर पोळ्यापर्यंत माझ्याशी बोलला नाही.

एकदा मीच म्हटलं, "हबीबभाई, ‘चर्चा झाली’ एवढ्यावर राहू दिलं असतं तर?"

त्यांनी नेहमीसारखीच बोटं घासली. "ताई, लोकायनं पाकिटं घेतली ती माह्या नावावर. मंग वहीत ती चूक बिननावाची काऊन राहू द्याची?"

त्यांना शेवटचं पाहिलं ते साखरखेर्ड्याच्या बाजारात. मला मिरच्या घ्यायच्या होत्या. गाद्यांचा धंदा मुलाकडं गेला होता, यंत्र आलं होतं. ते नुसते पाल ठोकून उशा विकत बसले होते. नजर अधू झालेली. मी काही अंतरावर होते, त्यांनी मला पाहिलं नाही. एक बाई त्यांच्यापुढं उकिडवी बसली, कष्टाची, उन्हानं रापलेली. पदराच्या गाठीतून तिनं रुईचा पुंजका काढला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. "चाचा, शेजारच्यानं हे लावलं व्हतं. यंदा आमी घ्यावं का?"

त्यांनी बोटांनी रुई मोकळी केली. वेळ लावून. म्हणाले, "रुई म्हनून बरी हाय, माय. बियाण्याचं मले नाही सांगता येत. मी एकडाव चुकेल मानूस हावो. दुसऱ्याले विचार."

ती उठली नाही. म्हणाली, "बाकी कोनी चुकलो म्हनून लिहून देल्लं का? म्हनून तुमालेच विचाराले आली."

हबीबभाईंची बोटं थांबली. ते सरकले, आपल्या पोत्यावर तिला जागा करून दिली, आणि म्हणाले, "बस मंग. पाकीट कोनतं, दुकान कोनतं, पावती देल्ली का, अधुरं नको, सगळं सांग." ती सांगायला लागली, ते मान खाली घालून ऐकत होते. मधूनच त्यांचा आवाज आला, "असं काऊन?"

मी हाक मारली नाही. त्यांच्या कामात कशाला मध्ये जा. त्याच वर्षी थंडीत ते गेले.

बरं, फार झालं लिहून. उरलेलं तोंडानंच सांगीन, त्यांच्या पुस्तकातल्या आणखी दोन गमती आहेत. या रविवारी नाही जमलं तर पुढच्या, पण ये. एसटी फाट्यावर सोडते, तिथून घर दिसतं. वांगी उतरायला लागली आहेत, तू आलीस की भरताला चुलीत घालते. कुणाला सोबत आणायचं तर आण, नाहीतर एकटीच ये, पण लवकर ये गं.